स्टुडिओच्या पीसीवरचे सगळे फोटो लॉक झालेत. पैसे भरू का?

लेन्सकॅप | शुक्रवार, १२ मे, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. एरवी मी कॅमेऱ्याच्या धाग्यांवर पडीक असतो, आज वेगळ्याच कामाला आलोय. डोकं ठिकाणावर नाही, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बार्शीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई चालू, अकरा अल्बम रांगेत. अल्बमची शीट लावायला एक प्लगइन मिळतं, फोटो निवडले की पानं आपोआप बसतात. आमच्या धंद्यात सगळेच ते क्रॅकवर, म्हणजे चोरीच्या आवृत्तीवर चालवतात, मीही. टेलिग्रामवर नवीन आवृत्ती आली म्हणून दुपारी उतरवली. झिप फाइल, पासवर्ड १२३४. आत सेटअप आणि सूचनांची एक नोटपॅड फाइल : आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर तो उगाच व्हायरस म्हणून ओरडेल. केला बंद. दर वेळी करतो.

सेटअपवर दोनदा टिचकी मारली, काहीच उघडलं नाही. म्हटलं फाइल खराब असेल. चहा घेऊन आलो. हळदीचं फोल्डर उघडंच होतं. बघतो तर छोट्या फोटोंच्या जागी पांढरे कोरे कागद. एक ओळ गेली. मग खालची. नवरीच्या मामाला हळद लावतायत तो फोटो माझ्या डोळ्यांदेखत पांढरा झाला. तेव्हा कुठे पेटलं आणि मी मेन स्विच खाली ओढला. ओढला तर यूपीएस बोंबलायला लागला आणि पीसी चालूच! त्याची वायर शोधण्यात अजून अर्धं मिनिट गेलं.

आता प्रत्येक फोटोच्या नावात जेपीजीच्या पुढे अजून एक टिंब आणि चार निरर्थक अक्षरं आहेत. प्रत्येक फोल्डरात रीडमी नावाची फाइल : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत मेल केलीत तर निम्मे, ४९०. वर एक फाइल फुकट उघडून दाखवू म्हणे. नमुना दाखवतात, साडीच्या दुकानासारखा.

बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क होती. पीसीलाच लावलेली होती. तीपण गेली.

४९० म्हणजे चाळीस हजार. भरू का? कुणाला अनुभव आहे?

बायनरी_भाकरी | शनिवार, १३ मे, ००:२१

पैशांचं नंतर. आधी हे करा, आत्ता, झोपायच्या आधी.

तो पीसी इंटरनेटला लावू नका, फॉरमॅट मारू नका, कुणालाही 'बघतो' म्हणून देऊ नका. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून जीमेल, बँक, इन्स्टा, स्टुडिओचं पेज, सगळ्यांचे पासवर्ड बदला आणि 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' करा. कारण तुमच्या वर्णनावरून हा स्टॉप उर्फ डीजेव्हीयू नावाचा रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) दिसतोय, आणि तो बऱ्याचदा एकटा येत नाही. सोबत पासवर्ड चोरणारा एक साथीदार असतो. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवणाऱ्या कुकी तो आधीच उचलून नेतो. कुकी हातात असली की समोरच्याला ओटीपीही लागत नाही, कारण साइटच्या दृष्टीने तुम्ही आत बसलेलेच असता.

रीडमीच्या तळाला एक पर्सनल आयडी असेल. त्याची शेवटची दोन अक्षरं काय आहेत? टी आणि एक असेल तर थोडी आशा आहे.

लेन्सकॅप | शनिवार, १३ मे, ००:५५

बायकोच्या फोनवरून सगळे बदलले. इन्स्टावर लखनौमधून कुणीतरी लॉगिन दिसत होतं! काढून टाकलं.

आयडी बघितला. शेवटी टी१ नाही.

बायनरी_भाकरी | शनिवार, १३ मे, ०१:१०

मग वाईट बातमी आधी सांगतो. हा प्राणी लॉक करायच्या आधी आपल्या सर्व्हरकडे किल्ली मागतो. सर्व्हर बोलला तर प्रत्येक पीसीची किल्ली वेगळी. सर्व्हर गप्प असेल तर पोटात बांधून आणलेली एकच सामाईक किल्ली वापरतो, त्या वेळी आयडीच्या शेवटी टी१ येतं. सामाईक किल्ली कधी ना कधी हाती लागली की एमसिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीच्या फुकट टूलने फाइली उघडतात. २०१९ च्या ऑगस्टआधीच्या आवृत्त्यांत वेगळ्या किल्लीच्या फाइलीही बऱ्याच सोडवता येत होत्या, मग चोरांनी कुलूप बदललं. तुमची किल्ली वेगळी आहे आणि ती फक्त त्यांच्याकडे आहे.

चांगली बातमी सकाळी लिहितो. आहे, खरंच आहे. झोपा.

कुंपणावरचा | शनिवार, १३ मे, ०८:०५

कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. चोरीचं सॉफ्टवेअर घेतलं, चोराने घर साफ केलं. गिऱ्हाइकाकडून लग्नाचे चाळीस-पन्नास हजार घेता ना? मग सॉफ्टवेअरचे पैसे द्यायला काय होतं?

लेन्सकॅप | शनिवार, १३ मे, ०८:४०

बरोबर आहे तुमचं. काही म्हणणं नाही.

तिखटमीठ | शनिवार, १३ मे, ०९:१२

@कुंपणावरचा, माणूस बुडतोय आणि तुम्ही काठावरून पोहण्याचे नियम सांगताय. आणि महिन्याचं भाडं डॉलरच्या हिशोबाने भरणं तालुक्याच्या स्टुडिओला जड जातं हे खोटं नाही. त्यापेक्षा पर्याय सांगा की. रॉ फाइलींना डार्कटेबल, साध्या कामाला गिंप, व्हिडिओला दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती. तिन्ही अधिकृत, तिन्ही शून्य रुपयांत. गिंपला हात बसायला महिना जातो, शिव्या घालतच शिकलो, पण बसतो.

आक्का_निवृत्त | शनिवार, १३ मे, १०:३०

बाळ लेन्सकॅप, वाचून फार वाईट वाटलं. माझा प्रश्न जरा बाळबोध आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, आता घरी लॅपटॉपवर लेख टाइप करते आणि पेन ड्राइव्हवर घालून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढते. व्हायरस, मालवेअर, रॅन्समवेअर हे सगळं एकच का?

बायनरी_भाकरी | शनिवार, १३ मे, ११:५०

आक्का, मालवेअर हे आडनाव, बाकी सगळी भावंडं. व्हायरस म्हणजे गोचीड, दुसऱ्या फाइलीच्या अंगाला चिकटून फिरतो, फाइल उघडली की जागा होतो. वर्म स्वतःच्या पायाने चालतो, त्याला कुणी काही उघडावं लागत नाही, नेटवर्कमध्ये भोक सापडलं की पुढच्या मशीनवर. कालच्याच तारखेला, १२ मे २०१७ ला, वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर असाच पसरला होता, दीडशेच्या आसपास देशांत. त्याने वापरलेलं विंडोजमधलं भोक मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, १४ मार्चला, बुजवलं होतं. ज्यांनी अपडेट 'नंतर आठवण करा' म्हणून ढकललं त्यांच्याकडे तो घुसला.

आणि ट्रोजन म्हणजे वेषांतर करून येणारा. लेन्सकॅपकडे आला तो हा.

आक्का_निवृत्त | शनिवार, १३ मे, १२:०५

म्हणजे दारात भिक्षा मागायला आलेला रावण. रेषा आपणच ओलांडायची.

बायनरी_भाकरी | शनिवार, १३ मे, १२:२०

अगदी तेच, आणि ही रेषा ओलांडायला लावायची कला बघा. झिपला पासवर्ड का होता? गोपनीय काही होतं म्हणून नव्हे. पासवर्ड असला की डाउनलोड होताना ब्राउझर आणि अँटिव्हायरस आत डोकावू शकत नाहीत. पासवर्ड तुम्हीच टाकता, फाइल तुम्हीच बाहेर काढता, आणि तेवढ्यात तो ओरडू नये म्हणून त्याला झोपवताही तुम्हीच. वर 'या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का' या चौकटीत होय. चोराने एकही कुलूप तोडलं नाही. माझ्या कामात बघितलेल्या घरगुती केसेसपैकी बहुतेकांत 'आधी अँटिव्हायरस बंद करा' हे वाक्य कुठेतरी होतंच. हे वाक्य दिसलं की फाइल पुसा, मग ती कुणीही दिलेली असो.

आता चांगली बातमी. हा प्राणी घाईत असतो. हजारो फाइली मिनिटांत उरकायच्या म्हणून तो प्रत्येक फाइलीचा फक्त सुरुवातीचा भाग लॉक करतो, साधारण दीडशे केबी. पुढचं सगळं जसंच्या तसं. म्हणजे चार जीबीचा लग्नाचा व्हिडिओ जवळपास पूर्ण शाबूत आहे, गेलंय फक्त तोंड. त्याच कॅमेऱ्यातली, त्याच सेटिंगवर काढलेली एक धड फाइल नमुना म्हणून दिली की नवं तोंड बसवणारी टूल आहेत, फुकटही मिळतात. मोठ्या झिप असतील तर त्यातली पहिली फाइल जाते, बाकीच्या निघतात. जेपीजीचं मध्यम : वरची पट्टी जाते, कधी रंग बिघडतात. पीएसडीचं, म्हणजे फोटोशॉपच्या फाइलींचं, अवघड.

मूळ डिस्कवर काही करू नका. आधी नवी डिस्क आणून पूर्ण नक्कल काढा आणि जे काय प्रयोग ते नकलेवर, दुसऱ्या स्वच्छ पीसीवर.

लेन्सकॅप | शनिवार, १३ मे, १२:४४

व्हिडिओ वाचतील?? खरंच??

दोरीवरचे_कपडे | शनिवार, १३ मे, १३:१५

+१. आणि मेमरी कार्डं! कार्ड फॉरमॅट करून पुढच्या लग्नात वापरलं असेल तरी ज्या जागेवर नवीन फोटो पडले नाहीत तिथले जुने परत येतात. फोटोरेक नावाचं फुकट टूल आहे. दिसायला भुताटकीसारखं आहे, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पण काम चोख. सगळी कार्डं आत्ताच बाजूला काढा, उद्याच्या शूटला नवीन घ्या.

जुनी_फ्लॉपी | शनिवार, १३ मे, १७:०२

अवांतर आहे, पण राहवत नाही. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस ब्रेन, १९८६, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला, बासित आणि अमजद फारूक अल्वी. फ्लॉपीच्या बूट सेक्टरात, म्हणजे पीसी सुरू होताना आधी वाचला जातो त्या भागात, बसायचा. गंमत म्हणजे त्यात त्यांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता, लस हवी तर संपर्क करा म्हणून! आणि इकडे पुण्यात त्याच्या उलट काम करणारे दोन भाऊ : कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि प्रोग्रॅम लिहिणारे धाकटे संजय. नव्वदच्या दशकात त्यांनी काढलेलं क्विक हील आपल्या कित्येकांच्या पहिल्या पीसीवर होतं. तेव्हाचे व्हायरस बहुतेक खोडसाळ होते, पडद्यावर चेंडू उड्या मारायचा, अक्षरं गळून खाली पडायची. डॉलरमधला हिशोब बिटकॉइन आल्यावर फोफावला.

कुंपणावरचा | शनिवार, १३ मे, १८:३०

सकाळी जास्त बोललो, माफ करा. एक कामाचं विचारतो. विकतचा अँटिव्हायरस घ्यावा की विंडोजमधला डिफेंडर पुरे?

बायनरी_भाकरी | शनिवार, १३ मे, १९:४५

घरगुती वापराला डिफेंडर पुरे, बंद केला नाही तर. दोन-दोन अँटिव्हायरस एकत्र बसवू नका, एकमेकांच्या पायात पाय घालतात. त्यापेक्षा दोन गोष्टी करा ज्या फारसं कुणी करत नाही. रोजच्या वापराला साधं खातं ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं आणि त्याचा पासवर्ड वेगळा. दुसरी, विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर संरक्षणाच्या पानावर 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाचं बटण आहे, डिफेंडर चालू असेल तरच चालतं, आणि मुळात बंद असतं. चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या फोल्डरात लिहिता येत नाही. सुरुवातीला वैताग येतो, तुमच्या नेहमीच्या एखाद्या सॉफ्टवेअरलाही अडवतं, त्याला एकदा परवानगी द्यावी लागते. लोक दुसऱ्याच दिवशी बंद करतात. करू नका.

आणि हो, विंडोज ७ अजून वापरणारे इथे असतील तर, त्याचे मोफत अपडेट जानेवारी २०२० मध्येच संपलेत.

उरणचा_खारा_वारा | शनिवार, १३ मे, २२:१०

लेन्सकॅप, तुमची बॅकअपची डिस्क लावलेलीच होती हे वाचून एक किस्सा आठवला. आम्ही न्हावा शेवाच्या कंटेनरच्या धंद्यातले, त्यामुळे तोंडपाठ आहे.

२७ जून २०१७. युक्रेनमध्ये करभरणीचं एक सॉफ्टवेअर आहे, एमई-डॉक. त्याच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा मालवेअर बाहेर पडला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या ओडेसातल्या ऑफिसात ते सॉफ्टवेअर होतं. तिथून आत शिरला तो जगभर. आपल्या जेएनपीटी बंदरातलं (न्हावा शेवाचंच) त्यांचं जीटीआय टर्मिनलही ठप्प झालं. कुठला डबा कुठे ठेवलाय हे यंत्रणेलाच माहीत नाही म्हटल्यावर पुढे काय होणार!

यातली खरी गोष्ट पुढे आहे. मर्स्कच्या नेटवर्कची चावी सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते आणि ते एकमेकांचा बॅकअप होते. एक मेला तर बाकीचे आहेतच, हा हिशोब. सगळे एकदम मरतील हे कुणी धरलंच नव्हतं. मेले. उरला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेले होते! इंटरनेटवरून डेटा मागवावा तर वेग नाही. तिथल्या माणसाकडे इंग्लंडचा व्हिसा नाही. शेवटी तो विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हातात डिस्क दिली, आणि तो ती घेऊन लंडनला. त्या एका डिस्कवरून त्यांनी ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी दहा दिवसांत पुन्हा उभे केले.

लोडशेडिंगने कंपनी वाचवली. आमच्या ऑफिसात तेव्हापासून लाइट गेले की कुणी चिडत नाही.

दोरीवरचे_कपडे | रविवार, १४ मे, ०९:२०

भारीच! म्हणूनच ती तीन-दोन-एकची रीत. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. ही रीत पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केली, म्हणजे लेन्सकॅप, तुमच्याच बिरादरीतली आहे. मी दोन डिस्क ठेवतो, एक सम तारखेची, एक विषम तारखेची. कॉपी झाली की वायर काढून कपाटात. दर रविवारी एक सासुरवाडीला जाते. सासूबाईंना वाटतं जावई प्रेमाने येतो.

तिखटमीठ | रविवार, १४ मे, ०९:४१

तुमच्या सासूबाई या साइटवर आहेत का हो? :)

लेन्सकॅप | सोमवार, १५ मे, २१:३०

पोलिसांत गेलो होतो. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, मग राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. नंबर मिळालाय. अधिकारी भला माणूस होता, म्हणाला पैसे भरू नका, भरल्यावर किल्ली येईलच असं नाही आणि तुमचं नाव 'देणाऱ्यांच्या' यादीत जातं.

७२ तास आज दुपारी संपले. मी भरले नाहीत. दुपारी घड्याळाकडे बघत बसलो होतो मात्र.

एक अडचण : त्या पीसीवर अँटिव्हायरसची एकही साइट उघडत नाही. बाकी सगळं उघडतं.

बायनरी_भाकरी | सोमवार, १५ मे, २२:०४

त्याला नेटला लावलंत का परत?! काढा आधी. या कुळातल्या काही आवृत्त्या विंडोजच्या होस्ट्स फाइलीत अशा साइटींची नावं घालून ठेवतात, म्हणजे पत्ता विचारला की विंडोज चुकीच्या घराकडे बोट दाखवतं. ते दुरुस्त करत बसू नका. नक्कल काढून झाली असेल तर तो पीसी पूर्ण पुसून विंडोज नव्याने घाला. अशा मशीनवर 'साफ झालं' यावर मी विश्वास ठेवत नाही. आणि दुसऱ्या स्वच्छ पीसीवरून 'नो मोअर रॅन्सम' ही साइट बघा. डच पोलीस आणि युरोपोल यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली आहे, फुकट आहे. लॉक झालेल्या फाइली नकलेवर तशाच जपून ठेवा. किल्ल्या कधी कधी वर्षांनी बाहेर येतात.

लेन्सकॅप | शनिवार, ३ जून, २३:१५

धागा वर काढतोय. हिशोब देणं माझं काम आहे.

व्हिडिओ ४१ होते, ३८ निघाले. उरलेले तीन ड्रोनचे, त्या ड्रोनची नमुन्याला धड फाइलच नव्हती. हळदीचे फोटो कार्डावरून सगळे मिळाले, मामासकट. सात अल्बमच्या पीडीएफ लॅबकडे प्रिंटिंगला गेलेल्या होत्या, त्या त्यांनी परत पाठवल्या. उरलेल्या चार अल्बमची शीट पुन्हा लावतोय, गिंपवर, शिव्या घालत. (@तिखटमीठ, महिना नाही, तीन महिने लागतील.)

जे गेलं ते मात्र विचित्र गेलं. जुने फोटो दुरुस्त करून द्यायचंही काम मी करतो. लोक व्हॉट्सॲपवर पाठवतात, चुरगळलेला, पाणी लागलेला एखादाच फोटो, आजीचा नाहीतर लहानपणी गेलेल्या भावाचा. मी डाग काढून, चेहरा उजळून परत देतो. त्या फाइली ऐंशी-नव्वद केबीच्या. पहिल्या दीडशे केबीत अख्खा फोटो बसतो. चार जीबीची वरात वाचली आणि नव्वद केबीची आजी गेली. २६ फोटो होते. एकोणीस जणांकडे मूळ अजून आहे, पुन्हा करून देतोय, फुकट. सात जणांना फोन करायचेत. पाच झाले.

आक्का_निवृत्त | रविवार, ४ जून, ०८:१०

पाच केलेस, उरलेले दोनही करशील.

तुझा धागा वाचून मीपण फाइलींच्या नावामागचं शेपूट दिसेल असं सेटिंग केलं, नातवाने दाखवलं. पेन ड्राइव्हवर 'वीजबिल' नावाची पीडीएफ होती, आता तिचं पूर्ण नाव 'वीजबिल टिंब पीडीएफ टिंब ईएक्सई' असं दिसतंय. मी अशी काही ठेवलेली नाही. पुसू का?

बायनरी_भाकरी | रविवार, ४ जून, ०८:३२

उघडली नाहीत ना? ईएक्सई म्हणजे पीडीएफ नव्हे, चालणारा प्रोग्रॅम. मग पुसा, लॅपटॉपचं पूर्ण स्कॅन लावा, आणि त्या झेरॉक्सवाल्याला सांगा. २००० साली आयलव्हयू वर्मने याच युक्तीने जग हादरवलं होतं, विंडोज खरं शेपूट लपवतं आणि माणूस खोटं वाचतो.

आक्का_निवृत्त | रविवार, ४ जून, ११:४०

उघडली नाही. पुसली. झेरॉक्सवाल्याला सांगून आले. तो म्हणाला, ती फाइल होय, ती सगळ्यांच्याच पेन ड्राइव्हवर असते.